शेंडेनक्षत्राचा फोटो

मंडळी, रात्रीच्या लायटीवर दारं धरायला तुमच्यापैकी कितीतरी जण जात असतील. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, हा फेरा अजूनही पुष्कळ गावांच्या नशिबी आहे. रात्री मोटर चालू करायची, पाट फोडायचा आणि सरी भरेपर्यंत बांधावर बसून राहायचं. तेवढ्या वेळात माणूस काय करतो? तंबाखू मळतो, मोबाईल चाळतो, नाहीतर सोसायटीच्या हप्त्याची काळजी उगाळतो. मी वर बघतो. गेली सात-आठ वर्षं नुसतं बघत नाही, फोटोही काढतो.

ऊस भिजवणारा माणूस चांदण्यांचे फोटो काढतो म्हटल्यावर गाव हसलं. हसू दे. घरच्यांनीही पहिल्यांदा हसून घेतलं आणि मग सोडून दिलं. अडवणारी एकच होती, माझी आत्या. तिचं वय आज पंचाहत्तरीचं. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. "वर काय कॅमेरा लावतूस? वरचं वर ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायची. तिचं म्हणणं मला कळायला २०२४ साल उजाडलं. ते पुढं सांगतोच.

वर बघायची सवय मूळची वडिलांची. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पण पाण्याची पाळी चुकली नाही. कृत्तिकांचा घोस कुठं आला, तिकांडं डोक्यावरून किती कललं, बाज उगवली का, यावर त्यांची वेळ ठरायची. बाज म्हणजे सप्तर्षी. चार चांदण्या बाजेचे खूर आणि मागं लागलेल्या तीन चांदण्या म्हणजे चोर, ही गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. मी ती बांधावर झोपेत ऐकलेली आहे, त्यामुळे चोरांचं पुढं काय झालं ते मला आजही नीट ठाऊक नाही.

कॅमेरा मिळाला तो पुतण्याकडून. तो लग्नाच्या फोटोंचा धंदा करतो. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना, पन्नास मिलिमीटरच्या भिंगासकट, मला अर्ध्या किमतीत दिला. तिपाई फुकट दिली, कारण तिचा एक पाय लुळा होता. पहिल्याच रात्री मी कॅमेरा तिकांड्याकडं लावला आणि तीस सेकंद उघडा ठेवला. फोटो बघतो तर चांदण्यांच्या जागी बारीक रेघोट्या, भाताच्या तुसासारख्या. मला वाटलं तिपाई हलली. लुळ्या पायाला तार गुंडाळली, पुन्हा फोटो काढला. पुन्हा रेघोट्याच!

तिपाई हलत नव्हती मंडळी, पृथ्वी फिरत होती. शाळेत शिकलेलं असतं, पण असं डोळ्यांनी बघितलेलं नसतं. आभाळ चार मिनिटांत एक अंश सरकतं. माझ्या भिंगानं सहा-सात सेकंदांच्या पुढं गेलं की चांदणी ठिपक्याची रेघ होते. आणि एवढ्या सेकंदांत फिक्या वस्तूचा उजेड पुरेसा गोळा होत नाही. आपला डोळा एका क्षणात जेवढं दिसेल तेवढंच बघतो, मागचा उजेड साठवून ठेवत नाही. कॅमेरा साठवतो. थेंब थेंब पडणाऱ्या नळाखाली घागर ठेवावी तसं आहे हे. पण घागर नळाखाली राहिली तर ना! इथं नळच सरकत होता.

यावरचा तोडगा स्कॉटलंडमधल्या हेग नावाच्या एका हौशी माणसानं १९७०च्या दशकात काढलेला आहे आणि तो आपल्या सुताराच्या हातचा आहे. दोन फळ्या घ्यायच्या, एका टोकाला बिजागरीनं जोडायच्या. बिजागरीपासून ठराविक अंतरावर खालच्या फळीत सहा मिलिमीटरचा लांब, पूर्ण आट्यांचा बोल्ट बसवायचा. तो फिरवला की वरची फळी हळूहळू उचलली जाते. त्या बोल्टाचा एक फेरा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. बिजागरीचा खिळा ध्रुवताऱ्याच्या रोखानं धरायचा, कॅमेरा वरच्या फळीवर बसवायचा आणि बोल्टाला मिनिटाला एक फेरा द्यायचा. मग फळी आभाळाच्याच चालीनं उघडते. आमच्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून अठरा अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो. त्यामुळे आधी लिंबाच्या दोन फांद्या छाटाव्या लागल्या.

बिजागरी ते बोल्ट हे अंतर हिशेबानं २२८.५ मिलिमीटर येतं. मी तो आकडा कागदावर लिहून आमच्या सुतारमामांकडं नेला. आयुष्यभर पाभरी आणि दारं-खिडक्या केलेला माणूस. त्यांनी कागद लांब धरला, पट्टी लावली आणि म्हणाले, "हे नऊ इंच की! सरळ नऊ इंच म्हणायचं सोडून काय हे?" खरोखरच बरोब्बर नऊ इंच. मजुरी घेतली नाही, पण फोटो दाखवायचा करार करून घेतला.

मिनिटाला एक फेरा म्हणजे पंधरा सेकंदांना पाव फेरा. डिसेंबरातली थंडी, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातानं बोल्ट, कान पाटाच्या आवाजाकडं. सरी फुटली की सगळं टाकून खोरं घेऊन पळायचं. अशा कितीतरी रात्री फुकट गेल्या. पण एका रात्री जमलं. तिकांड्याच्या खाली तीन बारीक चांदण्या लोंबतात, त्यातली मधली नीट बघा. ती चांदणी नाहीच. तो तेजोमेघ आहे, तापून चकाकणाऱ्या वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग. त्यात नवे तारे जन्माला येतात. नुसत्या डोळ्याला कापसाच्या बोंडातून निसटलेल्या तंतूसारखं पांढुरकं काहीतरी दिसतं. माझ्या फोटोत ते गुलाबी, लालसर आलं, पंख पसरल्यासारखं. तिथून उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे वर्षं लागतात. तो उजेड निघाला तेव्हा आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं, आणि पोचला तेव्हा मी चिखलात उकिडवा बसलेला होतो.

तो फोटो सुतारमामांना दाखवला तर पहिला प्रश्न आला, "रंग तुम्ही भरला का?" रास्त प्रश्न आहे. अंधूक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. अंधारात लाल लुगडं काळंच दिसतं, तसंच. तेजोमेघातला लाल रंग हायड्रोजन वायूचा आहे आणि तो खरा आहे. कॅमेरा बराच वेळ बघतो म्हणून त्याला तो सापडतो. तो रंग उठावदार करणं मात्र माणसाच्या हातात असतं आणि कितीतरी जण ते अती करतात. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी भुईमुगाच्या दाण्यासारखी गुलाबी करतात ना, तसंच. मी हात राखून करतो. तरी मोहाला कधी बळी पडलोच नाही असं नाही.

आणखी एक युक्ती सांगतो, कारण खरी मेख तिच्यातच आहे. एक फोटो काढून भागत नाही. एकाच जागेचे पन्नास-शंभर फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. अंधारात काढलेल्या प्रत्येक फोटोत कचऱ्यासारखे खोटे ठिपके असतात, पण ते दर वेळी वेगळ्या जागी पडतात. खरा तारा दर वेळी तिथंच असतो. शंभर फोटोंची सरासरी काढली की कचरा एकापेक्षा दहापट कमी होतो आणि फिका दाणा शिल्लक राहतो. सुपात पाखडतो आपण, तेच हे. डीपस्कायस्टॅकर नावाचा फुकट प्रोग्रॅम हे काम करतो. माझी मुलगी कॉलेजातून घरी आली की तिच्या लॅपटॉपवर आमची पाखडणी चालते.

हे वेड काही आजचं नाही आणि नुसतं मोठ्या वेधशाळांचंही नाही. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दुसरा ताऱ्यांचा प्रचंड समूह, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिचा भोवऱ्यासारखा आकार पहिल्यांदा नीट दाखवला तो १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी. वेल्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा, पोटासाठी बांधकामाचा धंदा, आणि ताऱ्यांचे फोटो ही हौस. आमच्या करमाळा तालुक्याचंही यात नाव आहे बरं का! २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला आले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. कॅम्पबेलांबरोबरचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता. जेऊरच्या स्टेशनावर मी हजारदा उतरलो असेन. हे वाचल्यावर पहिल्यांदा तिथं थांबून इकडंतिकडं बघितलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं, केळीचे ट्रक उभे होते.

ग्रहांचे फोटो माझ्या सामानाला फारसे जमत नाहीत. त्याला दुर्बीण लागते. त्यातून २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ आले की दोघांतलं अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढं उरलं. पण त्याच महिन्यात आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती. त्याला गोळी घातल्यावरही अंधार पडला की कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नव्हतं. मी गच्चीवरून पुतण्याच्या मोठ्या भिंगानं एक फोटो काढला, त्यात दोन ठिपके आणि गुरूशेजारी चार बारीक कण आले. ते गुरूचे चंद्र. तेवढ्यावर समाधान मानलं.

दुसरी अडचण उजेडाची, आणि ती दरवर्षी वाढते आहे. चौकात हायमास्ट आला, वाड्यावस्त्यांवर पांढरे एलईडी आले. शेजारच्या शेवंतीच्या प्लॉटवर रात्रभर बल्बांच्या माळा असतात, फूल हंगाम धरून यावं म्हणून. त्यांचं पोट त्यावर आहे, मी काय बोलणार? पण रस्त्यावरच्या दिव्याला वरून टोपी घातली आणि उजेड फक्त खाली पाडला, तर वीजही वाचेल आणि आभाळही राहील, असं मी ग्रामसभेत बोललो. सगळ्यांनी मान डोलावली. दिवे तसेच आहेत.

आता २०२४ सालाकडं येतो. त्या वर्षी धूमकेतू येणार अशी वर्दी होती. आपल्या जुन्या बोलीत शेंडेनक्षत्र. चीनमधल्या त्सुचिनशान वेधशाळेनं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास दुर्बिणीनं तो २०२३ साली शोधला, म्हणून त्याचं नाव त्सुचिनशान–ॲटलास. मी शाळेत असताना १९८६ ला हॅलेचा धूमकेतू आला होता. तेव्हा गुरुजींनी आम्हाला पहाटे टेकडीवर नेलं आणि आम्हाला काहीही दिसलं नाही. ते उट्टं मला काढायचं होतं. रोज जेवताना मी त्याच्याच गोष्टी सांगायचो. एका रात्री आत्यानं ताटावरून हात मागं घेतला आणि म्हणाली, "त्या शेंडेनक्षत्रानं माझं लगीन मोडलं. नाव काढू नगंस या घरात त्येचं."

ही गोष्ट मी पन्नास वर्षांत ऐकलेली नव्हती.

१९६५ ची दिवाळी. आत्या सोळा वर्षांची. सोयरीक ठरलेली, सुपारी फुटलेली, तुळशीचं लग्न झालं की हिचं लग्न. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झालेली, घराघरात धास्ती. आणि दिवाळीनंतर पहाटे पूर्वेला ते उगवलं, भली लांब केरसुणी उभी केल्यासारखं. चार-पाच दिवसांत नवऱ्याकडची माणसं आली आणि वरचं चिन्ह बरं नाही म्हणून सोयरीक मोडून गेली. माणसं गेली, पण शिक्का राहिला. ही पोरगी ठरली आणि शेंडेनक्षत्र उगवलं, असं लोक बोलायला लागले. चिन्ह आभाळातलं, त्याचा दोष पोरीच्या कपाळी! पुढं तीन वर्षं कोणी विचारलं नाही. मग एका बिजवराला दिली. मामा माणूस चांगला होता, पण पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरात म्हैस आटली तरी हिच्याकडंच बघायचे.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि दगडांचा गोळा. सूर्याजवळ आला की तापतो, त्यातून वाफ आणि धूळ सुटते, तीच शेपटी. म्हणून ती नेहमी सूर्याच्या उलट्या बाजूला असते. तिनं पाहिला तो इकेया–सेकी. जपानमधल्या दोन हौशी तरुणांनी १८ सप्टेंबर १९६५ ला शोधलेला. त्यातला इकेया पियानोच्या कारखान्यात कामाला होता. तो धूमकेतू २१ ऑक्टोबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरवरून गेला, म्हणून तर एवढा पेटला. माझं होईपर्यंत तिनं ऐकून घेतलं आणि ताट उचलून आत गेली. मला वाटतं, त्या लोकांचं देण्याघेण्यावरून बिनसलं असावं आणि शेंडेनक्षत्र त्यांना आयतं सापडलं. पण हे माझं वाटणं झालं. तिच्यासमोर मी ते बोललो नाही.

धूमकेतूनंही मला छळलं. पितृपंधरवड्यात तो पहाटे पूर्वेला होता, तेव्हा ढग. दसऱ्यानंतर तो संध्याकाळी पश्चिमेला आला, तेव्हा परतीचा पाऊस. मध्येच कोजागिरीचा चंद्र, सगळं आभाळ दुधानं धुतल्यासारखं. शेवटी मी पंचांग उघडून बसलो. २० ऑक्टोबरला संकष्टी होती. चंद्रोदय साडेआठच्या सुमारास, आणि सव्वासातला पुरता अंधार. म्हणजे सव्वा तास माझा.

आता संकष्टी आत्याची. तीही चंद्राचीच वाट बघत अंगणात बसणार. मी तिला एवढंच म्हणालो, "आत्या, चंद्र उगवेपर्यंत अंगणातला दिवा बंद ठेवू का?" ती म्हणाली, "ठेव. मला कुठं जप पुस्तकातनं वाचायचाय."

शुक्र पश्चिमेला खाली होता. त्याच्या बराच वर, उजव्या हाताला, नुसत्या डोळ्यांना धुरकट बोट टेकल्यासारखं काहीतरी दिसलं. फळ्यांची जोडी लावली, ध्रुव धरला आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो घ्यायला लागलो. दुसऱ्याच फोटोत तो आला. बारीक डोकं आणि वर गेलेली पांढरी शेपटी, अर्ध्या फोटोभर. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असेल, कारण आत्या उठून पाठीमागं येऊन उभी राहिली. मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडं वळवला. तिनं चष्मा कपाळावर सारला आणि डोळे पडद्याला लावले.

"ह्येच व्हय?"

"हेच. पण तुझं नव्हं, दुसरं."

"माझं मोठं हुतं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "बर्फ म्हनलास न्हवं? आनि माझ्यावरनं मोडलं त्येंनी."

मी गप्प बसून बोल्टाला पाव फेरा दिला. तिनं मान वर करून आभाळात ते शोधलं, पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ते सापडलं नाही. पुन्हा पडद्यात बघितलं. मग विचारलं, "माझं परत कधी यायचं?"

"आठशे वर्षांच्या पुढं."

"मग येऊ दे," ती म्हणाली आणि जाऊन ओट्यावर बसली.

साडेआठला पूर्वेला तांबूस उजेड आला आणि माझे फोटो पांढरे पडायला लागले. बेचाळीस मिळाले होते, त्यातले एकतीस कामाचे निघाले. आत्यानं चंद्राला अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि आम्ही मोदक खाल्ले. मुलगी दिवाळीला आली तेव्हा फोटो पाखडून झाले. तालुक्याला जाऊन त्याची मोठी प्रत काढून आणली, ती सुतारमामांच्या दुकानात लावली आहे.

पुढच्या संकष्टीला मी पाण्याच्या पाळीवर निघालो होतो. आत्यानं अंगणातला दिवा आपणहून बंद केला आणि विचारलं, "आज काय हाय वर?" मी तिला कृत्तिकांचा घोस दाखवला. त्या तिला माझ्याआधीपासून माहीत होत्या.